विहिरीवरचा तवंग

आमच्या वसतिगृहाची विहीर माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. रहाटाच्या करकरीने पहाटे जागे होणारी मुले आज आजोबा झाली आहेत. रहाट गेला, मोटार आली. परंतु स्वयंपाकघरातील पिंपे अजूनही त्याच पाण्याने भरतात.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर मुले परतली, तेव्हा या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. रस्त्यापलीकडची गॅरेजे आणि पुढचा पेट्रोलपंप आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. घाईघाईने बाटलीभर पाणी तपासणीस पाठविले. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल आला आणि सर्वांना हायसे वाटले. मात्र तो अहवाल दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले, की त्यात तेलाचा उल्लेखच नव्हता. सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू एवढीच नेहमीची यादी होती. दोष प्रयोगशाळेचा नव्हता. आम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता.

फ्लोराइडबद्दल विचारण्यास यवतमाळ जिल्हा केव्हाच शिकला आहे. केळापूर, झरी जामणी भागातील मुलांच्या दातांवरील डागांनी ते शिकविले. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे एक लीटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याच मानकात खनिज तेलासाठी ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. पेट्रोलमधील बेंझिन हा घटक तर कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लीटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ठरविली आहे. पाण्यातील बेंझिनचा वास नाकाला जाणवतो, तो याच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावर. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे पाणी चांगले’ हा आपला घरगुती न्याय येथे लागू पडत नाही.

तवंगाचे मात्र एक सोपे परीक्षण आहे. काडीने तो हलवावा. तेलाचा तवंग फाटतो आणि लगेच पुन्हा जुळून येतो. लोहयुक्त, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा तवंग काचेसारखा तडकतो आणि त्याचे तुकडे वेगळेच राहतात. आमचा तवंग तडकला. सुटीत मोटार बंद होती, पाणी हलले नव्हते, एवढेच ते कारण. तरीही विरघळलेल्या घटकांविषयी काडी काहीच सांगत नाही. म्हणून तेलाचे नाव घेऊन दुसरा नमुना पाठविला, आणि तेव्हाच या तपासाचे शास्त्र आम्हांस थोडेफार उमगले.

जमिनीखालच्या टाकीतून झिरपलेले पेट्रोल प्रथम मातीला चिकटते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांतून ते मुरमापर्यंत लवकर उतरते. ओल आल्यावर तीच माती फुगून मिटते आणि खाली गेलेले वरून दिसेनासे होते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या माथ्यावर तरंगते. त्यातील बेंझिनसारखे घटक विरघळून पाण्याबरोबर प्रवास करतात. काही अंश वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांत राहतो. पावसाळ्यात पातळी चढली की तरंगणारे तेल वरच्या थरांना माखते आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली येते. एकाच ऋतूतील एका नमुन्यावर निकाल देणे त्यामुळे धाडसाचे ठरते. त्यातून आपल्या जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा. पाणी खडकाच्या फटींतून वाहते, आणि फटी जमिनीच्या उताराला विचारून पडत नाहीत. पंपाजवळची विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित, असेही घडू शकते.

तपास करणारे म्हणूनच बाटली घेऊन सुरुवात करीत नाहीत. ते आधी जागेचा इतिहास विचारतात. टाकी कोठे पुरली होती, जळके ऑईल कोठे ओतले जाई, कोणती विहीर बुजविली? मग वेगवेगळ्या खोलीवरची माती काढून तपासतात. किमान तीन विहिरींतील पाण्याची पातळी एकाच संदर्भ-उंचीवरून मोजल्याशिवाय प्रवाहाच्या दिशेचा अंदाज बांधता येत नाही. फटींच्या खडकात तीनही अपुऱ्या पडतात. बेंझिनचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत किंवा गच्चीवरील टाकीतून घेऊन चालत नाही, कारण ते वाटेतच उडून जाते. काचेची लहान कुपी हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून बर्फात न्यावी लागते. (आमची पहिली बाटली शीतपेयाची होती, हे येथे कबूल करतो.)

हे सारे कशासाठी, असे वाटल्यास चेन्नईच्या तोंडियारपेटकडे पाहावे. २०१३ साली तेथील बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. भूमिगत तेलवाहिनीची गळती त्यास कारणीभूत ठरली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि जमिनीखालचे तेल उपसण्याचे काम दीर्घकाळ चालले. गळती थांबविता येते. खडकात शिरलेले तेल सहजासहजी परत येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवा पेट्रोलपंप शाळेपासून ५० मीटर दूर असावा, आणि जागेची अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नसावा, असे सांगितले. जुन्या पंपांचे आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांचे प्रश्न त्याने सुटत नाहीत.

आमच्या दुसऱ्या अहवालात खनिज तेल आढळले नाही. आता आठवी-नववीची मुले मे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस विहिरीची पातळी मोजून वहीत लिहितात. त्या वहीचे पहिले पान मात्र कोरे आहे. रस्त्यापलीकडच्या जागेवर आधी काय होते, तेथे ऑईल इंजिन किंवा डिझेलची टाकी होती काय, जुनी विहीर कोणी व केव्हा बुजविली, हे आज शाळेत कोणासही सांगता येत नाही. १९८०-९० च्या सुमारास येथे राहिलेल्या ज्या माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल, त्यांनी कार्यालयास दोन ओळी लिहून पाठवाव्यात, ही विनंती.