सहा रस्ते आणि एक महासभा

जळगाव शहर महानगरपालिकेला दारूच्या दुकानाचा परवाना देता येत नाही आणि दुसऱ्याने दिलेला काढून घेता येत नाही. धुळ्याच्या महापालिकेचेही तेच. तरीही वस्तीत वाइन शॉप उघडले, शाळेच्या वाटेवर देशी दारूचे दुकान आले किंवा परमिट रूमपुढे रात्री गाड्यांची गर्दी होऊ लागली, की लोकांचे निवेदन सर्वात आधी नगरसेवकाच्या हाती पडते. तो महासभेत उभा राहतो आणि प्रशासनाला जाब विचारतो. प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते: हा विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. इतिवृत्तात त्याची एक ओळ होते आणि सभा पुढच्या विषयाकडे, बहुधा कचऱ्याच्या ठेक्याकडे किंवा पाण्याकडे वळते.

या अडचणीचे मूळ १९४९ सालात आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम आणि मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम हे दोन्ही त्याच वर्षाचे. आज दोघांच्याही नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे. पहिल्याने दारू सर्वस्वी राज्याच्या ताब्यात ठेवली. पुढे बंदी सैल झाली, पण कायद्याचे नाव दारूबंदीचेच राहिले आणि पिणाऱ्याला आजही कागदोपत्री परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच आला. दुकानाची अनुज्ञप्ती जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक यांच्या कार्यालयांतून जाते. दुसऱ्या कायद्याने महापालिकेला गटारे, दिवे, पाणी, रस्ते, बाजार आणि स्मशाने दिली. त्या लांबलचक यादीत दारू कुठेच नाही.

पैशाची वाटणीही तशीच. उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींच्या वाढीव उत्पन्नाचा अंदाज मांडला गेला होता. दुकान ज्या शहरात आहे त्या शहराला मिळते ती व्यापारी दराची घरपट्टी आणि किरकोळ फी. दुकानासमोरचे गटार उपसणे, फुटक्या बाटल्या उचलणे आणि रस्त्यावर लागलेल्या अंडाबुर्जीच्या गाड्या हटवणे मात्र महापालिकेच्या वाट्याला.

जळगावची नगरपालिका १८६४ ची, धुळ्याची त्याहून थोडी जुनी. दोन्ही शहरे २००३ मध्ये महापालिका झाली. जळगावच्या महापालिकेची सतरा मजली इमारत शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसते, पण तिच्या उंचीवरून तिजोरीचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. घरकुल योजनेपासूनचे हुडकोचे कर्ज, जिल्हा बँकेचे कर्ज आणि मुदत संपलेल्या व्यापारी गाळ्यांचा तिढा यांनी तिची अनेक वर्षे खाल्ली. दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे करार २०१२ च्या सुमारास संपले. त्यांचे भाडे किती, नूतनीकरण करायचे की लिलाव, यावर सभागृहात जितका वेळ गेला तितका दारूवर कधीच गेला नाही.

महासभेचे कामकाज विषयपत्रिकेवर चालते. नगरसचिव ती आगाऊ काढतात आणि पत्रिकेवर नसलेले ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी घुसतात. खरी मेख ठरावात असते. महासभेने ठराव केला तरी अंमलबजावणी आयुक्तांच्या हाती राहते. ठराव बेकायदा किंवा जनहिताविरुद्ध वाटला, तर राज्य शासन अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित करू शकते, पुढे रद्दही. पालिकेच्या बोलीत याला ‘ठराव विखंडित होणे’ म्हणतात. ‘अमुक दुकान बंद करा’ असा ठराव एकमताने झाला, तरी विखंडित करण्याचीही गरज पडत नाही. ज्याच्याकडे अधिकारच नाही त्याने केलेली ती शिफारस ठरते.

दारूचा प्रश्न महापालिकेच्या कक्षेत खरोखर आला तो २०१७ मध्ये, तोही रस्त्याच्या रूपाने. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी २० हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले, पण जळगाव-धुळ्याला त्याचा काय उपयोग? खानदेशातील ही शहरे महामार्गांवरच वाढली. सुरत–नागपूर महामार्ग तेव्हा जळगावच्या मधोमध जात होता. धुळ्यात त्याला मुंबई–आग्रा महामार्ग छेदतो आणि सोलापूरकडचा तिथूनच फुटतो. त्यांत राज्य महामार्गांची भर घातली, की प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यांत शहराचा बराच बाजार येतो.

न्यायालयाने अंतर ठरवले होते, रस्त्याचा दर्जा नव्हे. दर्जा बदलणे शासनाच्या हाती होते. जळगावातील सहा रस्ते, सुमारे २० किलोमीटर लांबीचे, राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडून ‘अवर्गीकृत’ होऊन महापालिकेच्या नावे झाले. एका आदेशाने राज्य महामार्ग शहरातला साधा रस्ता बनला. डांबर तेच, खड्डे तेच, वाहतूकही तीच; पण त्याच्या कडेची दुकाने मनाईतून सुटली. कारकुनी कौशल्य म्हणून ही युक्ती वाखाणण्यासारखी आहे, आणि शहराच्या दृष्टीने तितकीच चिंतेची. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने चालत जाण्याचे अंतर वाढावे म्हणून दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह उभारला होता. जळगावात भिंतही लागली नाही.

शहरात याविरुद्ध ओरड झाली आणि महापालिकेतही विरोध उमटला. त्याला दोन बाजू होत्या. हे सगळे मद्यविक्रेत्यांसाठी चालले आहे, ही नागरिकांची तक्रार. दुसरी बाजू कमी गाजली, पण हिशेबाची होती: रस्ता नावावर आला की त्याचे डांबरीकरण, दुभाजक आणि दिवेही नावावर येतात. कर्ज फेडता फेडता दमलेल्या पालिकेला फुकट मिळालेले २० किलोमीटर परवडणारे नव्हते. फायदा दुकानांचा, महसूल राज्याचा आणि खर्च तेवढा महापालिकेचा, असा तो व्यवहार होता.

नंतर हा वाद निम्म्यातच हवेत विरला. चंडीगडनेही शहरातील रस्त्यांचा दर्जा असाच बदलला होता. त्या प्रकरणात ११ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की महामार्गाची मनाई महापालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना लागू नाही. म्हणजे दुकाने वाचवण्यासाठी जळगावच्या सहा रस्त्यांचा दर्जा बदलण्याची गरजच उरली नाही.

आता उरतो तो मतदाराचा मार्ग. २००८ च्या आदेशानुसार गावात ग्रामसभा आणि शहरात प्रभागातील मतदार दुकान बंद करण्याची मागणी करू शकतात. २५ टक्के महिला मतदारांनी किंवा तितक्याच एकूण मतदारांनी अर्ज केला, तर गुप्त मतदान होते. ‘उभी बाटली’ म्हणजे दुकान चालू, ‘आडवी बाटली’ म्हणजे बंद. महिलांच्या अर्जावरील मतदानात आडवीला यादीतील निम्म्याहून अधिक महिलांची मते लागतात. मतदान केलेल्यांतील निम्मी पुरत नाहीत. त्यामुळे लग्न होऊन गेलेली, कामासाठी सुरतेला असलेली किंवा मरण पावूनही यादीत राहिलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीकडे जमा होते. खेड्यात घरोघरी फिरून हा आकडा गाठता येतो. शहराच्या प्रभागात भाडेकरू बदलत राहतात आणि यादी जुनीच राहते, तिथे तो फार अवघड जातो. या सगळ्या प्रक्रियेत नगरसेवकाला नगरसेवक म्हणून काही स्थान नाही. तो फार तर सह्या गोळा करू शकतो.

काही काळ सभागृहच नव्हते. जळगावच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, धुळ्याची त्याच वर्षाच्या अखेरीस. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. कारभार अडला नाही, पण दारूच्या दुकानाबद्दल उभे राहून विचारण्याची जागा तेवढ्या काळात नाहीशी झाली.

दरम्यान मार्च २०२५ मध्ये शासनाने विधिमंडळात जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा वाइन शॉप काढायचे तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल. जळगावच्या महासभेत ७५ सदस्य बसतात, धुळ्याच्या ७४. त्यांना नसलेला नकाराचा अधिकार एका सोसायटीला मिळाला. मात्र तो सोसायटीच्या आवारापुरताच. जळगावच्या जुन्या पेठांतील आणि धुळ्याच्या गल्ल्यांतील एकट्या मालकाच्या इमारतींचा त्यात समावेश नाही.