सरांना काय वाटेल? : पीएचडीच्या गाईडविषयीचे गैरसमज

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातले पीएचडीचे बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून संशोधन करतात. सकाळी ज्युनिअर कॉलेजची लेक्चरं, दुपारी लोकलने कुर्ला, तिथून बसने कलिनाला मुंबई विद्यापीठात. तिथे पोचल्यावर कळतं, गाईड मॅडम मीटिंगला गेल्या. दिलेलं प्रकरण चार महिने टेबलावर तसंच पडून आहे. असं दोन वर्षं चाललं तरी गाईड बदलायचा विषय निघाला की सीनिअर दबक्या आवाजात सांगतात, "तसं कोणी करत नाही." कोणी करत नाही, हे बरंचसं खरं आहे. करता येत नाही, हे मात्र खोटं.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 7 नोव्हेंबर 2022 रोजी पीएचडीचे नवे नियम अधिसूचित केले. गाईड बदलायला त्यांत बंदी नाही. पद्धत ज्या त्या विद्यापीठाने ठरवायची. गाईडला मान्यता विद्यापीठ देतं, नोंदणी विद्यापीठाकडे असते, पदवीही विद्यापीठच देतं. आपण मात्र सरांकडे पीएचडी 'करतो', म्हणून सगळं त्यांच्या मर्जीवर आहे असं धरून चालतो. खरी अडचण मर्जीपेक्षा जागेची असते. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. कल्याणच्या बिर्ला किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी एकेका विषयाचे मान्यताप्राप्त गाईड ते किती असणार? त्यांतही आपल्या विषयाच्या जवळचं काम करणारे आणि जागा रिकामी असलेले शोधायचे. म्हणून राग डोक्यात असताना अर्ज करू नये. आधी नव्या गाईडची जागा आणि तयारी पाहावी, मग अर्ज.

"एनओसी मिळाली नाही की संपलं." जुन्या गाईडची एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र मागतात, हे खरं आहे, आणि ती हसतखेळत मिळाली तर सगळ्यांचंच बरं. ती नुसती अडवून ठेवली असेल, तर विभागप्रमुख आहेत, संशोधन केंद्र आहे, आरएसी म्हणजे संशोधन सल्लागार समिती आहे. दर सत्रात या समितीपुढे प्रगती मांडायची असते. गंमत अशी की समितीचा निमंत्रक स्वतः गाईडच असतो. ज्याच्याविषयी बोलायचं, तोच बैठक बोलावणार! तरी इतर सदस्य समोर असतात आणि झालेलं कागदावर येतं. हे सादरीकरण उरकण्याची औपचारिकता समजणारे विद्यार्थी आपल्या हातातला सगळ्यात उपयोगी कागद सोडून देतात.

त्यापुढची पायरी 2023 च्या यूजीसी नियमांतली विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. तिथे "सर त्रास देतात" एवढं सांगून भागत नाही. कोणतं प्रकरण कोणत्या तारखेला दिलं, कधी परत आलं, कोणती सही कशासाठी अडली, हे लागतं. व्हॉट्सॲपवर काढलेली कुरकुर उपयोगाची नाही. ईमेल आणि आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत उपयोगी पडते.

तक्रार केली की व्हायवात सूड घेतात, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे एकेका विषयाचं जग लहान आहे, सगळे एकमेकांना सेमिनारमध्ये भेटतात. पण प्रबंध तपासणारा गाईड एकटा नसतो. विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक असतात. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2015 च्या यूजीसी नियमांनुसार अंतर्गत समितीकडे जायचं. चौकशी चालू असताना ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस ही समिती करू शकते. हे कलम फारच थोड्या विद्यार्थिनींना ठाऊक असतं.

"गाईड बदलला की संशोधनाचा कचरा होतो." कमला सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, यांचं काय झालं पाहा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेऊ, अशा अटीवर आत आल्या. पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिक्टर यांच्याकडे काम सुरू केलं. रिक्टर तिथून गेले आणि त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. वनस्पतींतही सायटोक्रोम सी असतं हा त्यांचा शोध या दुसऱ्या टप्प्यातला. 1939 मध्ये पीएचडी, प्रबंध जेमतेम 40 पानांचा. त्यांचा गाईड परिस्थितीने बदलला, भांडणाने नाही, हे मान्य. तरी मधे माणूस बदलल्याने काम फुकट गेलं नाही.

इथे एक उलटा गैरसमजही सांगायला हवा. प्रत्येक कडक गाईड त्रासदायक नसतो. प्रकरण तीनदा परत लिहायला लावणं हा छळ नव्हे, आणि मत न पटणं तर नव्हेच. डॉ. आंबेडकरांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ला त्यांचे लंडनचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच आपले बरेच मतभेद नोंदवले. पुस्तक 1923 मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही मिळाली. छळ वेगळा. सरांच्या मुलाची शिकवणी घ्यायला लावणं, त्यांचे पेपर आपल्याकडून लिहून घेणं, सहीसाठी महिनोन्महिने उंबरे झिजवायला लावणं, हा छळ.

"दोन पेपर छापल्याशिवाय प्रबंध देताच येत नाही, यूजीसीचा नियम आहे." 2016 च्या नियमांत एक पेपर आणि परिषदेतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. 2022 मध्ये ती सक्ती गेली. विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं. पण मग ती विद्यापीठाच्या परिपत्रकात दिसली पाहिजे. सरांच्या तोंडी हुकमाला परिपत्रक म्हणत नाहीत.

फेलोशिपचा घोळ सगळ्यात जास्त. नेट उत्तीर्ण होऊन मिळालेली जेआरएफ विद्यार्थ्याने स्वतः कमावलेली असते. गाईडच्या प्रकल्पातून मिळणारी फेलोशिप मात्र प्रकल्पाची असते. माणूस गेला की ती मागेच राहते. डेटाचंही तसंच. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसरीकडे जाणाऱ्या संशोधक स्त्रीला आपला डेटा नव्या संस्थेत नेता येतो, असं 2022 चे नियमच सांगतात. जुन्या संस्थेला आणि गाईडला झालेल्या कामाचं श्रेय द्यावं लागतं. पण ते संशोधन संस्थेने किंवा गाईडने निधी मिळवलेल्या प्रकल्पातलं असेल तर ही सवलत नाही. पुण्याला बदली झालेल्या नवऱ्यामागे डोंबिवली सोडणाऱ्या बाईने सामान बांधण्याआधी हे वाक्य वाचावं.

राहिलं घड्याळ. प्रवेशापासून कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सूट मिळू शकते. नवा गाईड मिळाला म्हणून ही वर्षं पुन्हा पहिल्यापासून मिळतील, या भरवशावर राहू नये. जुनी नोंदणीची तारीख कायम राहणार का, विषय थोडा बदलला तर नवा आराखडा मंजूर करून घ्यावा लागेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं विद्यापीठाकडून लेखी घ्यावीत. पाचव्या वर्षी नवा विषय घेऊन नवा गाईड शोधणाऱ्याला मी तरी आधी दुसरा रस्ता सुचवेन : जुने गाईड तसेच ठेवून, विद्यापीठाच्या संमतीने, सहमार्गदर्शक घेता येतो का ते पाहा. प्रकरणं कोणीतरी वाचू लागतं, आणि सरांनाही काही वाटत नाही.