परस्परांस जामीन

कोकणातील बेने इस्राएल हे ज्यू लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, आणि ज्यू धर्माशी आपला परिचय बहुधा त्या विश्रामवारापाशीच थांबला. परंतु त्या धर्माच्या विधिशास्त्रात दुसऱ्याच्या जिवाचा व मालमत्तेचा विचार किती बारकाईने केला आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

तोरा या मूळ ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात, नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे; कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे कारणही तेथेच दिले आहे. पुढे तलमुद या विधिचर्चेच्या ग्रंथातील पंडितांनी याच आज्ञेच्या आधारे चावरा कुत्रा पाळणे आणि डगमगती शिडी उभी ठेवणे निषिद्ध ठरविले. खड्डा खणून उघडा टाकणाऱ्यास त्यात पडलेल्या जनावराची भरपाई द्यावी लागते; ओळखीची खूण असलेली वस्तू सापडल्यास ती जाहीर करून मालकाकडे पोचवावी लागते, दिसूनही न दिसल्यासारखे करण्याची मुभा नाही; आणि ओझ्याखाली कोसळलेले गाढव शत्रूचे असले, तरी हात द्यावाच लागतो.

दानासही हाच न्याय लागू आहे. हिब्रूतील 'त्सदाका' हा शब्द न्यायवाचक धातूपासून आलेला आहे, म्हणून शेताच्या कोपऱ्यातील पीक, जे इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या विधिसंहितेनुसार साठाव्या हिश्शाहून कमी असू नये, ते गरिबाचे हक्काचे मानले जाते. बाराव्या शतकात ज्यू विधिपंडित मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आणि सर्वांत वरची पायरी दिली ती कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसास स्वतःच्या पायांवर उभे करणाऱ्यास.

परंतु या विचाराची परिसीमा एका विलक्षण विधीत दिसते. रानात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारेकऱ्याचा तपास लागला नाही, तर सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि सर्वांत जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी कालवडीचा वध करून, हात धुऊन, हे रक्त आम्ही सांडले नाही असे सांगावे, असा तोरेचा दंडक आहे. या वृद्धांवर खुनाचा संशय कोण घेईल, अशी शंका मिश्नेने स्वतःच उपस्थित केली आहे, आणि खुलासा असा केला आहे की, तो वाटसरू आमच्या गावी आला असता आम्ही त्यास अन्नावाचून व सोबतीवाचून जाऊ दिले नाही, याची ती ग्वाही होय. उपाशी व एकट्या पाठविलेल्या पांथस्थाचा मृत्यूही गावाच्या खाती पडू शकतो, एवढा दूरवर हा कायदा पाहतो.

तलमुद सर्व इस्राएलांना परस्परांचे 'अरेव' म्हणते. अरेव म्हणजे जामीन. आणि जामीन राहिलेल्या माणसास, ऋणको बुडाल्यावर, 'मला काय त्याचे' असे म्हणता येत नाही.