अनंताश्रम : गिरगावातील बंद झालेली मत्स्यखानावळ

मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत असलेली अनंताश्रम ही गोमंतकी पद्धतीच्या मासळी जेवणाची खानावळ आज बंद आहे. उंची उपाहारगृहाची कोणतीही बाह्य लक्षणे तिच्या ठायी नव्हती. तरीही महाराष्ट्रातील उत्तम मत्स्यभोजनाचा इतिहास लिहिताना तिला वगळता येणार नाही. खानावळ म्हणजे ठरावीक दरात घरगुती वळणाचे ताट देणारे भोजनगृह. नोकरीधंद्यासाठी घर मागे ठेवून मुंबईत आलेल्या माणसांच्या गरजेतून ते उभे राहिले आणि त्यामुळे तेथील स्वयंपाकाची कसोटी नावीन्य ही नसून गावाकडच्या चवीशी असलेली निष्ठा ही होती. खोताची वाडी हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले. लाकडी सज्जांची आणि बाहेरून जिने असलेली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरे, लगतच्या मराठी चाळी आणि पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून येऊन दक्षिण मुंबईत स्थिरावलेली कुटुंबे, अशा मिश्र वस्तीत ही खानावळ रुजली. मुंबईतील गोमंतकीयांचा जम किती लवकर बसला होता, हे गोवा हिंदु असोसिएशनची स्थापना १९१९ साली याच शहरात झाली यावरून कळते.

अशा खानावळीचे महत्त्व समुद्रापासून दूरच्या गावातून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव मुंबईच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेतही पाचशेहून अधिक किलोमीटर आत आहे. या भागात ताजी मासळी म्हणजे तलाव-धरणांतील रोहू, कटला किंवा मरळ. समुद्राची ओळख आठवडी बाजारातील सुकट आणि सुक्या बोंबलांपुरती. बर्फ आणि जलद वाहतूक सुलभ होईपर्यंत ओली समुद्री मासळी ही किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचीच मिरास होती. गिरगाव त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर होते, कारण १८६९ साली पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची मंडई, १८७५ चा ससून डॉक आणि त्याहून जुना भाऊचा धक्का ही तिन्ही ठिकाणे तेथून सहज गाठता येण्याजोगी होती.

गोमंतकी ताटातील पदार्थ मोजके असतात : भात, हुमण म्हणजे ओल्या नारळाच्या वाटणातले आंबट-तिखट कालवण, तळलेल्या मासळीची तुकडी, तिसऱ्यांचे सुके आणि शेवटी आमसुलांच्या आगळात नारळाचे दूध घालून केलेली सोलकढी. या साधेपणामागे पक्के शास्त्र आहे. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. मासा मेल्यानंतर जिवाणू त्याचे रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात आणि शिळ्या मासळीचा परिचित वास त्यातून येतो. कोकम, चिंच यांसारख्या आंबट पदार्थांतील आम्लाशी या ट्रायमिथाइलअमाइनचा संयोग झाला की त्याचे हवेत उडणे थांबते व वास दबतो. बांगडा, तारली या तेलकट माशांच्या कालवणात तिरफळे घालतात. तिरफळ हे एका काटेरी जंगली झाडाचे फळ असून त्यातील बी काढून सुकी साल किंचित ठेचून वापरली जाते. तिचा जिभेला हलकी झिणझिणी आणणारा स्वाद माशाच्या तेलकटपणाला तोलून धरतो. मात्र आंबट आणि तिरफळ यांनी शिळेपण झाकता येत नाही, कारण मांसाचा घट्टपणा एकदा गेला की तो कोणत्याही वाटणाने परत येत नाही. म्हणून अशा स्वयंपाकाचा खरा आरंभ चुलीपाशी न होता सकाळच्या बाजारात, लाल कल्ला आणि चकचकीत डोळा पारखणाऱ्या नजरेपाशी होतो. आणि दिवसाचे जेवण काय असेल हे स्वयंपाकी ठरवीत नसून भरती-ओहोटी, ऋतू व होड्या ठरवितात. उंची उपाहारगृहे ज्या शिस्तीची पुढे मोठी किंमत घेऊ लागली, ती खानावळीत नित्याची होती.

पाश्चात्य जगातही उंची मत्स्यभोजनाची परंपरा साध्या जागेतूनच वर आलेली दिसते. आल्फ्रेद प्रूनिये आणि त्यांच्या पत्नीने १८७२ साली पॅरिसमध्ये कालवे खाऊ घालणारे छोटे दुकान काढले. पुढे त्यांची नात सिमोन प्रूनिये हिने १९३५ साली लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावर त्याच नावाचे उपाहारगृह उघडले आणि ते १९७६ साली बंद झाले. तिची थोरवी केवळ श्रीमंत गिऱ्हाइकांत नव्हती. हेरिंगसारख्या स्वस्त, तेलकट माशाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून १९३६ साली तिने तो पकडणाऱ्या होड्यांसाठी करंडक ठेवला होता. बांगड्याला पापलेटच्या पंक्तीला बसविणाऱ्या गोमंतकी ताटाशी या दृष्टीचे नाते जवळचे आहे.

दक्षिण मुंबईतील जुन्या खानावळी टिकल्या त्यामागे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी हे एक मोठे कारण होते. पण केवळ भाडे कमी असून भागत नाही. मराठी वस्ती उपनगरांकडे सरकली, रोजचे जेवणारे घटले आणि मासळी महागली. त्याच काळात फोर्टमधील महेश लंच होम व त्रिष्णा यांनी मासळीला वातानुकूलित दालनात नेले. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात आनंदा सोलोमन यांच्या कोंकण कॅफेने किनारी स्वयंपाकाला पंचतारांकित प्रतिष्ठा दिली. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु त्या दालनांतील दर मध्यमवर्गीय माणसाच्या रोजच्या जेवणाचे नव्हेत आणि खानावळीची खरी हानी येथेच आहे. दुसरीकडे समुद्रातली मासळीही आटत चालली आहे. अति मासेमारी आणि अपुऱ्या वाढीच्या पिलांची पकड यांमुळे पापलेटचे उत्पादन घटल्याने त्याच्या रक्षणासाठी राज्य शासनाने २०२३ साली त्याला राज्य मासा घोषित केले.

सिमोन प्रूनियेने आपल्या पाककृती १९३८ साली आणि घराण्याचा इतिहास १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यामुळे बंद पडलेल्या त्या उपाहारगृहाचा अभ्यास आजही करता येतो. मराठीतही लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० च्या ‘गृहिणी-मित्र’मध्ये पाठारे प्रभूंची मासळी लिहून ठेवली होती. गिरगावातील खानावळींचे दरफलक, बाजाराच्या हिशोबाच्या वह्या आणि वाटणांची प्रमाणे ज्या कुटुंबांकडे अजून असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ न देता एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावीत.