सोनं ऐकणारं वेटोळं

७ जुलै २०२३ रोजी शारजाहून आलेले तीन प्रवासी सुरतच्या विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाच्या हाती लागले. त्यांच्या सामानातल्या पाच पट्ट्यांमध्ये २० पाकिटं होती आणि पाकिटांत सोन्याची पेस्ट. विमानतळावरच्या स्वच्छतागृहात आणखी काही पेस्ट सापडली. एकूण ऐवज ४८.२० किलो, त्यातून निघालेलं सोनं ४२ किलोंहून अधिक, किंमत सुमारे २५ कोटी रुपये. कारवाईमागे आधी मिळालेली खबर होती.

चांगल्या सोन्याच्या बिस्किटांचा असा चिखल करायचा उपद्व्याप कशासाठी? उत्तर भौतिकशास्त्रात आहे. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर सोनं शोधणारा माणूस आपल्या मेटल डिटेक्टरला कोणती कॉइल लावतो, हेही त्याच उत्तरावर ठरतं.

मेटल डिटेक्टर सोनं ओळखत नाही, वाहक वस्तू ओळखतो. त्याच्या तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजेच कॉइल, असतं. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरतं. वाटेत धातू आला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं ते अशाच प्रवाहांमुळे. या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. तेच वेटोळं किंवा शेजारचं दुसरं वेटोळं ते टिपतं आणि कानात आवाज वाजतो.

हे प्रवाह किती वेळ टिकतात, यावर सगळा खेळ आहे. शुद्ध सोन्याची १० मिलिमीटर व्यासाची गोळी घ्या. वजन सुमारे १० ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून थोडं कमी. क्षेत्र अचानक बंद केलं, तर तिच्यातला प्रवाह सुमारे १३० मायक्रोसेकंदांत एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो. तेवढ्याच सोन्याचे १ मिलिमीटरचे हजार मणी केले, तर प्रत्येक मण्यातला प्रवाह १.३ मायक्रोसेकंदांतच तितका खाली येतो. व्यास दहा पटींनी घटला की प्रवाहाचं आयुष्य शंभर पटींनी घटतं. वजन तेच राहिलं, पण ऐकू येणं बदललं. पेस्टमध्ये तर कण याहून कितीतरी बारीक आणि एकमेकांपासून सुटे असतात, त्यामुळे मोठा भोवरा फिरायला सलग वाटच उरत नाही. क्ष-किरणांना मात्र सलगपणाशी देणंघेणं नसतं. त्यांना घनता दिसते आणि सोन्याची घनता पेस्ट केली तरी बऱ्याच अंशी उघडी पडते.

सोनं शोधणाऱ्यांची यंत्रं मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीचं यंत्र क्षेत्राचा ठोका देतं, थांबतं आणि मग कान लावतं. ही ‘पल्स इंडक्शन’ पद्धत. ऐकायला सुरुवात होईपर्यंत साधारण १० मायक्रोसेकंद निघून जातात, म्हणजे १ मिलिमीटरच्या मण्यातला प्रवाह तोवर विझलेला असतो. त्यातच नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते. अशा मिश्रधातूची वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी, त्यामुळे प्रवाह आणखी लवकर विरतो. मोठ्या, खोल गोळ्यांसाठी मात्र ही पद्धत उत्तम, कारण जमिनीतल्या लोहखनिजांचा त्रास तिला कमी होतो.

दुसऱ्या जातीचं यंत्र सतत एका वारंवारतेवर बोलतं आणि त्याच वेळी ऐकतं. इथे वारंवारतेची निवड महत्त्वाची. ५ किलोहर्ट्‌झला क्षेत्र सोन्यात सुमारे १.१ मिलिमीटर खोल शिरतं, ४५ किलोहर्ट्‌झला ०.३७ मिलिमीटर. कण या खोलीपेक्षा लहान असेल, तर क्षेत्र त्याला फारसं न जुमानता आरपार जातं आणि प्रतिसाद क्षीण येतो. म्हणून नाणी शोधणारी यंत्रं बहुधा ५ ते १५ किलोहर्ट्‌झवर चालतात आणि बारीक सोन्यासाठीची त्याच्या बरीच वर. मिनलॅबचं ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ ४५ किलोहर्ट्‌झवर चालतं, फिशरचं ‘गोल्ड बग २’ ७१ किलोहर्ट्‌झवर.

आता कॉइल. ‘मोठी कॉइल म्हणजे जास्त सोनं’ हा नवख्यांचा आवडता समज गणितात टिकत नाही. तारेचे वेढे आणि विद्युतप्रवाह सारखे धरून ५ इंची आणि ११ इंची गोल कॉइलची तुलना करा. बरोबर मध्याखाली ३ सेंटिमीटरवर असलेल्या कणाचा संकेत लहान कॉइलमध्ये तिप्पट येतो. तीच वस्तू ३० सेंटिमीटर खोल गेली की पारडं फिरतं आणि मोठी कॉइल पंधरापट सरस ठरते. पण तेवढ्या खोलीवर तांदळाच्या कणीएवढं सोनं कोणत्याच कॉइलला ऐकू येत नाही. म्हणून मोठी कॉइल मोठ्या, खोल गोळ्यांसाठी आणि लहान कॉइल वरच्या थरातल्या बारीक कणांसाठी. शिवाय मोठी कॉइल जास्त माती ‘ऐकते’ आणि मातीत लोह असेल तर हेच ऐकणं तिच्यावर उलटतं. अशा जमिनीत इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली ‘डबल डी’ कॉइल बरी. तिचा संवेदनशील भाग मधल्या अरुंद पट्ट्यात असतो, त्यामुळे मातीचा गोंधळ कमी होतो.

उंचीचाही हिशेब आहे. ५ इंची कॉइलखाली १० सेंटिमीटरवर कण आहे आणि चालता चालता तुम्ही कॉइल आणखी २ सेंटिमीटर उचलली, तर संकेत निम्म्याहूनही कमी होतो. अनुभवी माणसं कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, संथ फिरवतात ती यासाठी.

राहिली सेन्सिटिव्हिटी. हे बटण यंत्राची ताकद वाढवत नाही, आलेला संकेत फुगवतं आणि त्यासोबत मातीचा, विजेच्या तारांचा, यंत्राचा स्वतःचा गोंगाटही फुगवतं. बाजारपेठेत कानयंत्राचा आवाज वाढवला तर समोरच्याचं बोलणं स्पष्ट होत नाही, रिक्षांचे भोंगेच मोठे होतात, तसंच हे.

गोंगाटात संकेत बुडतो, याची जुनी साक्ष १८८१ सालची. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात घुसलेली बंदुकीची गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातुशोधक यंत्र आणलं. यंत्र काम करत होतं, पण पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांमुळे सगळीकडेच आवाज येत राहिला. गोळी सापडली नाही आणि त्या सप्टेंबरात अध्यक्ष गेले.

सुरतजवळचा डुमसचा किनारा म्हणजे अशीच स्प्रिंगांची गादी. त्याची काळी वाळू प्रसिद्ध आहे. मुलताईला उगम पावणारी तापी खानदेशातून येते ती दख्खनच्या बेसॉल्टवरून, आणि या खडकात मॅग्नेटाइट असतं. चुंबक फिरवला तर त्याला चिकटणारी ही काळी धूळ यंत्राच्या दृष्टीने मोठा गोंगाट. त्यात ओली वाळू खारी, आणि खारं पाणीही वीज वाहून नेतं. अशा जागी आधी ‘ग्राउंड बॅलन्स’ साधायचा, म्हणजे मातीचा संकेत वजा करायचा. मग सेन्सिटिव्हिटी वाढवत जायचं आणि बडबड सुरू झाली की दोन पायऱ्या खाली यायचं. यंत्र शांत असेल तेव्हाच बारीक संकेत कळतो. कमी सेन्सिटिव्हिटीवर जास्त सापडतं, यात चमत्कार काही नाही.

पण डुमसला सोन्याचे गोळे मिळतील का? बेसॉल्ट ही सोन्याची भूमी नव्हे. भारतातलं खाणीतलं सोनं मुख्यतः कर्नाटकातल्या प्राचीन खडकांत आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची चालू आहे. तिथेही टनामागे काही ग्रॅम सोनं, तेही खडकात विखुरलेलं, म्हणजे कॉइलच्या आवाक्याबाहेरचं. १९८० साली ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात मेटल डिटेक्टरने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोंचा गोळा तिथल्या भूगर्भाची देणगी होती.

सुरतचं सोनं वेगळ्या ठिकाणी आहे. ते जरीच्या चांदीच्या तारेवर अत्यंत पातळ थर होऊन बसतं आणि येवल्याच्या पैठणीपर्यंत पोहोचतं. डिटेक्टर तिथे वाजला तर चांदी-तांब्यामुळे वाजेल, सोन्यामुळे नव्हे. दुसरं सोनं दागिन्यांच्या कारखान्यांतल्या धुळीत, कानशीच्या किसात, सांडपाण्याच्या गाळात असतं. आपल्याकडे झारेकरी आणि गुजरातेत धूळधोये हीच धूळ गोळा करून पाण्यात घोळतात. त्यांचं विज्ञान घनतेचं. पाण्याच्या पटीत सोनं १९.३, मॅग्नेटाइट ५.२, साधी वाळू २.६५. पाणी हलकं वाहून नेतं, जड तळाशी राहतं, कण कितीही सुटे असोत. जिथे हजारो रुपयांचं यंत्र बहिरं ठरतं तिथे त्यांची थाळी काम करते. शेवटचा कस काढायला वापरला जाणारा पारा मात्र फुप्फुसांना आणि मज्जासंस्थेला घातक आहे. ती सवय सुटायला हवी.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली लुटलेल्या या शहरात ‘गाडलेला खजिना’ हा विषय कायम विकला जातो. पण १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. खनिज म्हणून सोनं शोधायला परवाना लागतो. संरक्षित स्मारकात खणणं हा गुन्हा.

दुसरी गोष्ट, शेकडो मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारं अँटेनावालं यंत्र कोणी विकत असेल, तर खिसा सांभाळा. कॉइलचा संकेत अंतराबरोबर किती झपाट्याने विरतो ते वर पाहिलंच. असंच पोकळ यंत्र ‘बॉम्बशोधक’ म्हणून इराकला विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली १० वर्षांची शिक्षा झाली. डिटेक्टर घ्यायचाच, तर आधी तीन प्रश्न विचारा: कण केवढा, खोली किती, माती कसली? उत्तरं मिळाली की कॉइल आपोआप ठरते. विक्रेत्याला ती देता येत नसतील, तर पैसे घरीच राहू द्या.