पाच परार्ध तुलना

शंभर कोटी माणसांची यादी करायची आहे आणि अट एकच, कुणीही दोनदा येता कामा नये. नावावर विसंबता येत नाही, एकाच नावाची माणसं गावोगाव आहेत. जन्मतारखेवरही नाही, आपल्याकडे जुन्या पिढीतले कितीतरी जण शाळेच्या दाखल्यानुसार १ जूनलाच जन्मलेले आहेत. उरली बोटं आणि डोळे. नवा माणूस आला की त्याचे ठसे आधीच्या प्रत्येकाशी ताडायचे. दुसऱ्यासाठी एक तुलना, तिसऱ्यासाठी दोन, आणि शंभर कोटीव्या माणसासाठी ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९. सगळ्यांची बेरीज होते जवळजवळ पाचावर सतरा शून्यं.

या संख्येला आपल्याकडे नाव आहे, आणि तेही खानदेशाच्या ओळखीचं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत करत जी स्थानं दिली, त्यातलं शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्यांची गणती जिथे थांबली त्याच्या पाचपट तुलना आपल्याला करायच्या आहेत. एखाद्या कारकुनाने झोप, जेवण, दिवाळीची सुटी सगळं सोडून सेकंदाला एक तुलना केली, तर त्याला सुमारे १,५८५ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयच १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे.

हे काम प्रत्यक्षात साडेपाच वर्षांत झालं. सुरुवात झाली नंदुरबार जिल्ह्यात. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींचा आकडा पार झाला. पाच परार्ध त्या काळावर वाटून टाकले तर सेकंदाला सुमारे २९० कोटी तुलना येतात. हा कागदावरचा हिशेब आहे. संगणक आधी ढोबळ चाळणी लावतो आणि उरलेल्यांकडेच बारकाईने पाहतो. पण ती चाळणी सुचणं हीच तर कल्पकता. नवनिर्मिती म्हटलं की आपल्याला चकचकीत यंत्र दिसतं. मला मात्र या सगळ्या प्रकरणात सर्वांत कल्पक वाटतो तो साधा बारा आकड्यांचा क्रमांक. तो काहीच सांगत नाही.

त्याची गंमत कळायला आधी दुसरा एक क्रमांक पाहावा. शहाद्याचा पिन कोड ४२५४०९. पहिला ४ पाहिला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या वाटेला लागतं. ४२५ वाचलं की जळगाव-नंदुरबारकडे वळतं, आणि शेवटचे तीन आकडे ते वाटपाच्या पोस्टात नेऊन सोडतात. एकसारख्या नावांची गावं, डझनभर लिप्या आणि कुणालाही न लागणारं अक्षर, या तिन्हींवर सहा आकड्यांचा हा तोडगा. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेलणकर संस्कृत कवी आणि नाटककारही होते. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची स्तुती होईल असं विलोमकाव्य त्यांच्या नावावर आहे. ज्याला अक्षरांचा क्रम असा खेळवता येतो त्याला आकड्यांच्या क्रमात अख्खा देश बसवावासा वाटला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. सरकारी फायलीत कवी बसलेला असू शकतो, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पिन कोड सगळं सांगतो. गाडीवरचा एमएच-३९ सुद्धा गाडी नंदुरबारची आहे हे लांबूनच सांगतो. आधार क्रमांकाला मुद्दाम मुकं ठेवलंय. त्यात राज्य नाही, जात नाही, जन्मसाल नाही, पुरुष की बाई तेही नाही. टेंभलीतल्या शेतमजुराचा आणि मलबार हिलवरच्या उद्योगपतीचा क्रमांक शेजारी ठेवा, कोणता कुणाचा हे आकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. माणूस गाव सोडतो, नाव बदलतो. क्रमांकात त्यातलं काहीच नसेल तर बदलायचंही काही उरत नाही.

पहिला आकडा ० किंवा १ नसतो आणि शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो. तेव्हा शक्य असलेले क्रमांक होतात ८,००० कोटी. वाटले गेले १४० कोटींच्या थोडे वर, म्हणजे पावणेदोन टक्के. पिनचंही तसंच, नऊ लाख शक्यतांपैकी वापरात साधारण एकोणीस हजार, दोन टक्क्यांच्या आसपास. आधारच्या बाबतीत ही रिकामी जागा पहाऱ्याचं काम करते. मनाला येतील ते बारा आकडे दाबले तर तो खरोखर कुणाचा क्रमांक निघण्याची शक्यता सातशेत एक.

तो शेवटचा आकडा १९६९ सालच्या एका डच कल्पनेतून आला. याकोबस व्हरहूफ यांनी डच टपालातल्या खऱ्या चुका गोळा करून तपासल्या. त्यांत एखादा आकडा चुकीचा पडणं सर्वांत जास्त, आणि त्यामागोमाग शेजारचे दोन आकडे उलटेपालटे होणं. साध्या बेरजेच्या रीतीने उलटापालट पकडता येत नाही, कारण तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन सारखंच. व्हरहूफ यांनी बेरीजच टाकून दिली आणि पंचकोन घेतला. तो फिरवायचे आणि पालथा घालायचे मिळून दहा प्रकार होतात, नेमके शून्य ते नऊ. आधी फिरवून मग पालथा घातला तर तो एका जागी येतो, आधी पालथा घालून मग फिरवला तर दुसऱ्याच. क्रमाने फरक पडला की उलटापालट सापडलीच. सायबर कॅफेतल्या पोराने तुमचे दोन आकडे अदलाबदल करून टाकले की जे लाल अक्षर येतं, त्यामागे हा पंचकोन आहे.

आकड्यांची चूक अशी सापडते. बोटांचं काय करायचं? नंदुरबारच्या मिरची पथारींवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांची, ऊस तोडणाऱ्यांची बोटं घासून गुळगुळीत झालेली असतात. नोंदणीत डोळ्याची बुबुळं घ्यायचं ठरलं त्याला हेही एक कारण होतं. पण रेशन दुकानात बहुधा अंगठाच लावायचा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आधार देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतःच सांगितलं की सरकारी सेवांत ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. शंभर खेपांत बारा नकार. २०२४-२५ या वर्षात आधारवरून ओळख पटवण्याचे २,७०७ कोटी व्यवहार झाले, दिवसाला सुमारे ७.४ कोटी, सेकंदाला साडेआठशे. यातला समजा फक्त एक टक्का फसला, तरी सव्वादोन दिवसांतले नकार नंदुरबार जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येएवढे, साडेसोळा लाख, होतात.

अंगठा जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नका, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा, असं प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये लेखी कळवलेलं आहे. आता चेहऱ्यावरून ओळखण्याची सोयही आली. तिला चांगला फोन लागतो आणि रेंज लागते. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत रेंज कधी येते, कधी नाही. दुकानदाराला समोरची बाई कुणाची सून, कुणाची आई, हे पाठ असतं. यंत्रात त्या माहितीसाठी रकाना अजून कुणी काढलेला नाही.