पेल्यातलं पाणी (लेखांक ९) : नर्मदेचा दिवस, बोरिंगचा दिवस

आज कॉफीच्या दळणावर लिहायचं कबूल केलं होतं. जाड की बारीक, किती जाड, किती बारीक. तो विषय पुढे ढकलतो आहे, कारण सुदामा नगरच्या एका वहिनींचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर चार ओळींत मावणारं नाही.

वहिनी लिहितात, 'सहा महिन्यांपूर्वी घरी आरओ बसवला. तेव्हापासून चहाचा काही भरवसाच राहिला नाही. एक दिवस रंग काळपट, एक दिवस अगदी फिका. पत्ती तीच, भांडं तेच, दूधवाला तोच. यजमान म्हणतात, तुझा हात बिघडला.'

पत्र वाचल्यावर मी फोन करून एकच विचारलं : वहिनी, तुमच्याकडे नळ कोणत्या दिवशी येतो?

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की हौद भरायचा, हौदातून वरच्या टाकीत चढवायचं. दुसऱ्या दिवशी हौद तळाला लागला की बोरिंग सुरू करायची. म्हणजे एकाच टाकीत, एकाच तोटीतून, आज एक पाणी आणि उद्या दुसरंच. आपण दोन्हीला पाणीच म्हणतो. चहा तसं म्हणत नाही.

ही दोन पाणी इतकी वेगळी का, हे मुळापासून बघण्यासारखं आहे. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला, पण वाढत्या शहराला तो पुरेना. १९७० साली नर्मदेचं पाणी आणा म्हणून सगळं इंदूर रस्त्यावर उतरलं आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोचलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर, आणि वाटेत विंध्याचा चढ. नदीची पातळी आणि आपलं पठार यांत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. ते पाणी पंपांनी ढकलत वांचू पॉइंटपर्यंत चढवायचं, तिथून ते उताराने शहरात येतं. हे वाहत्या नदीचं पाणी. त्यात विरघळलेले क्षार बेताचे असतात.

बोरिंगचं पाणी जमिनीतून मुरत आलेलं. माळव्याची काळी माती, खाली बसाल्टचा काळा पाषाण. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. वर्षानुवर्षं खडकाच्या भेगांत बसून ते पाणी जड होतं. त्यात सगळ्यात जास्त असतं बायकार्बोनेट, आणि चहा-कॉफीच्या चवीची किल्ली त्याच्याच हातात आहे.

बायकार्बोनेट आम्ल मारतं. साधा प्रयोग करा. कोऱ्या चहाचे दोन पेले घ्या. एकात लिंबाचे चार थेंब पिळा, रंग क्षणात सोनेरी होतो. दुसऱ्यात चिमटीभर खाण्याचा सोडा टाका, रंग काळपट तांबडा होतो. पत्ती दोन्हीकडे सारखीच आहे, रंगद्रव्यं आम्लात फिकी आणि क्षारात गडद दिसतात इतकंच. बोरिंगचं पाणी दुसऱ्या पेल्यासारखं वागतं. त्या चहावर जो तवंग धरतो, त्याचाही छडा १९९३ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने लावला. त्याला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात, एक जरी काढलं तरी तवंग धरत नाही. म्हणूनच लिंबाच्या चहावर तो कधी दिसत नाही.

तर वहिनी, काळपट चहा बोरिंगच्या दिवसाचा आणि फिका चहा नर्मदेच्या दिवसाचा. तुमच्या हाताचं काहीही बिघडलेलं नाही.

आता कुणी विचारेल, मध्ये आरओ आहे ना? मग पाणी रोज सारखं का नाही? मी स्वतः इथे वर्षभर अडकलो होतो. माझ्या घरी मशीन बसवायला आलेल्या मिस्त्रीने पेनासारखं मीटर बुडवलं, मशीनमधला टीडीएसचा (म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा) ॲडजस्टर थोडा उघडला, आकडा ८० वर आणला आणि 'एकदम गोड पाणी' म्हणून तो निघून गेला. तो दिवस नर्मदेचा होता. दुसऱ्या दिवशी बोरिंग चालू होती तेव्हा मी सहज मीटर बुडवलं, तर आकडा २६०.

ॲडजस्टर म्हणजे एक बारीकशी पळवाट. काही पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून जातं, काही तिला वळसा घालून थेट येऊन त्यात मिसळतं. मेंब्रेनमधून शंभरातले पाचच क्षार सुटतात असं धरलं, तर माझ्या घरचा हिशेब असा : नर्मदेचा टीडीएस २४०, मेंब्रेननंतर १२. पळवाटेने तीस टक्के कच्चं पाणी मिसळलं की ८०. बोरिंगचा ७८०, मेंब्रेननंतर ३९, त्यात तेच तीस टक्के कच्चं पाणी मिसळलं की २६०. पळवाट तीच राहिली, पाणी बदललं. ज्या घरात रोज एकच पाणी येतं तिथे ॲडजस्टर चालेल. इंदूरच्या घरात तो एका दिवसापुरताच खरा असतो.

पुढची अडचण त्या पेनाची. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. कोणते क्षार, ते सांगत नाही. मीठ घातलेलं ८० आणि सोडा घातलेलं ८० त्याला सारखंच. जंतूंचं तर त्याला काहीच कळत नाही. कॉफीच्या पेल्यात मात्र त्या दोन पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळे मी मीटर मेंब्रेनची तब्येत बघायला वापरतो, चव ठरवायला नाही.

चव ठरवायला मी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून केएचची, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटची क्षारता मोजायची बाटली आणतो. पाच मिली पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, निळंच राहतं, आणि मग एका थेंबासरशी पिवळं होतं. थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम क्षारता. माझ्या नर्मदेच्या पाण्याला आठ थेंब लागतात. बोरिंगच्या पाण्याला अठरा. अकरा, बारा, तेरा म्हणत मोजत राहावं लागतं, निळा रंग हटत नाही, तेव्हा दगड पाण्यात उतरलाय म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. कोऱ्या कॉफीसाठी जगभरातले कॉफीवाले ४० मिलिग्रॅमच्या आसपासची क्षारता चांगली मानतात, म्हणजे दोन ते तीन थेंब. अठरा थेंबांच्या पाण्यात चिकमंगळूरची उत्तम कॉफीसुद्धा खडूसारखी लागते, कारण तिच्यातलं फळासारखं आंबटपण पाण्याने आधीच खाऊन टाकलेलं असतं. उलट अगदी शून्य थेंबांच्या पाण्यात तीच कॉफी उघडीबोडकी आंबट लागते.

हे थेंबांचं वेड मला लावलं माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत असतो आणि तळघरात बिअर गाळतो. तिथे घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक मिळाली, नर्मदा इंदूरला आली त्याच साली. आपल्याकडे परवान्याशिवाय तो उद्योग करता येत नाही, तेव्हा इथे मी फक्त त्याच्या पाण्याबद्दल बोलतो आहे. त्याच्या तळघरात भिंतीवर आरओ आहे, खाली पिंप आहे आणि शेजारी जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड यांच्या बरण्या. तो म्हणाला, 'मामा, मी पाणी शुद्ध करत नाही, कोरं करतो. पाटी पुसली की मग हवं ते लिहिता येतं.' पिल्सेनची फिकी बिअर करायची तर पाणी जवळजवळ कोरंच ठेवायचं, कारण त्या गावाचं पाणीच मुळात मऊ. इंग्लंडातल्या बर्टनची करायची तर जिप्सम घालायचं, कारण बर्टनच्या विहिरी जिप्समच्या थरांतून भरतात. ती गावं प्रसिद्ध झाली ती आपापल्या पाण्याशी जमणारी बिअर करून.

आणि भाच्याकडूनच कळलेली गोष्ट अशी, की आपण शाळेत शिकलो तो पीएच आला बिअरच्याच प्रयोगशाळेतून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली ते माप मांडलं. प्रथिनं आणि विकरं यांवर काम करताना द्रावण किती आम्ल आहे हे नेमकं सांगण्याची त्यांना निकड होती. पेय गाळणाऱ्यांना पाण्याचं आम्ल-क्षार प्रकरण किती जिव्हाळ्याचं असतं, ते यावरून समजावं.

भाच्याचं तेच तत्त्व मी आमच्या स्वयंपाकघरात आणलं. मांडणी सांगतो. टाकीतून येणाऱ्या नळीवर मशीनच्या आधी बाहेर दोन बाऊल बसवा. पहिल्यात पाच मायक्रॉनचा स्पन फिल्टर, तो गाळ धरतो. दुसऱ्यात कार्बन, तो नर्मदेच्या पाण्यातलं क्लोरिन धरतो. क्लोरिन मेंब्रेनचा वैरी आहे, कार्बन वेळेवर बदलला नाही तर मेंब्रेन लवकर जाते. दुसऱ्या बाऊलनंतर एक टी-जोड टाकून छोटी तोटी काढा. ही कच्च्या पाण्याची तोटी. पुढे बूस्टर पंप, मेंब्रेन आणि कोऱ्या पाण्याची तोटी. मशीनमधला ॲडजस्टर पूर्ण बंद करून टाका.

आता मिसळणं तुमच्या हातात. नर्मदेचा दिवस असेल तर एक वाटी कच्चं, तीन वाट्या कोरं. बोरिंगचा असेल तर एक वाटी कच्चं, आठ वाट्या कोरं. दोन्ही दिवशी थेंब दोन ते तीनच येतात. हे प्रमाण माझ्या घरचं, तुमचे थेंब मोजून तुमचं काढा. कच्च्या पाण्यातलं क्लोरिन निघून गेलेलं असतं, म्हणून ते साठवायचं नाही, त्याच वेळी खळखळून उकळायचं आणि वापरायचं.

एक खाचही सांगून ठेवतो. मशीन रात्रभर बंद राहिलं की मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात. सकाळचा पहिला पेला माझ्याकडे ९० दाखवतो, दोन मिनिटांनी आकडा तिशीत येतो. सकाळची पहिली कॉफी बिघडते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तो पहिला पेला पोछ्याच्या बादलीत.

बादलीवरून शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. एक लिटर कोऱ्या पाण्यामागे माझं मशीन तीन लिटर बाहेर टाकतं. बोरिंगच्या दिवशी त्या वाया पाण्याचा टीडीएस हजाराला टेकतो. नर्मदेच्या दिवशी मी तेच मोजलं, तर ३२० च्या आतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे. म्हणजे क्षारांपुरतं बोलायचं तर आपण मोरीत सोडतो ते पाणीही मानकात बसतं. सत्तर किलोमीटरवरून विंध्य चढवून आणलेलं पाणी, ज्यासाठी आधीच्या पिढीने रस्त्यावर बसून आंदोलन केलं, ते एका पेल्यामागे तीन पेले मोरीत जावं हे मला बघवत नाही. म्हणून आमच्या घरी नर्मदेच्या दिवशी दुधाच्या चहाला आणि पिण्याला कार्बनचं उकळलेलं पाणीच असतं. मशीन चालतं ते फक्त कोऱ्या कॉफीच्या दोन कपांपुरतं. बोरिंगच्या दिवशी त्याला पूर्ण काम, आणि खालची बादली फरशीसाठी.

वहिनी, तुम्ही एवढंच करा. कॅलेंडरवर चार दिवस टिपून ठेवा : नळ आला की नाही, कच्च्या पाण्याला थेंब किती, चहाचा रंग कसा. दुधाच्या चहाला आठ थेंबांचं नर्मदेचं पाणी छान चालतं, तोच तुमचा चहा धरा. बोरिंगच्या दिवशी एक वाटी कच्च्यात एक-सव्वा वाटी कोरं मिसळलंत, की थेंब आठ-नऊवर येतील आणि नर्मदेच्याच दिवसाचा चहा होईल. चार दिवसांनी ते कॅलेंडर यजमानांना दाखवा. आकडे मलाही कळवा. ते वेळेत आले तर दळणाआधी त्यांच्याबद्दलच लिहीन.